मी खम्हार म्हणालो, तो हळदू होता

आरंगच्या अलीकडे, रायपूरहून महासमुंदकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून थोडं आत, एका धानाच्या शेताच्या धुऱ्यावर हळदूचा जुना वृक्ष होता. जूनमधल्या वादळात तो छातीभर उंचीवर फाटून आडवा झाला. वादळाला इलाज नव्हता. पण खालचं खोड जिवंत होतं, मुळं घट्ट होती आणि पाऊस तोंडावर आला होता. त्या खोडाला धुमारे फुटले असते. ते खोड जेसीबी लावून मुळासकट काढून टाकायला मी सांगितलं, कारण पानं आणि लाकूड पाहून मी ते झाड खम्हारचं ठरवलं होतं.

खम्हार म्हणजे मराठीतली शिवण. छत्तीसगडात ती हल्ली शेताशेतांत लावतात. रोपवाटिकेत रोप सहज मिळतं, झाड झपाट्यानं वाढतं आणि मालकाच्या हयातीतच विकण्याजोगं होतं. त्यामुळे ‘हे गेलं तर दुसरं लावू’ असं म्हणताना मला काहीच जड गेलं नाही. हळदूची गोष्ट वेगळी. सह्याद्रीकडच्या वाचकांना तो हेदू या नावानं ठाऊक असेल. धुऱ्यावर होता तेवढा हळदू व्हायला दोन-तीन पिढ्या जातात, आणि रायपूरच्या आसपासच्या धानाच्या सपाटीवर एवढा हळदू आता क्वचितच दिसतो.

ही चूक एका क्षणात झाली नाही. तिला पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर मला थांबवणारी एकेक खूण समोर होती. त्या खुणा नीट मांडून ठेवाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घर तात्यापाऱ्यातलं. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात जी मराठी घरं रुजली त्यांतलं एक. मी शाळेत गणित शिकवलं. झाडांचं शिक्षण कुठे घेतलं नाही. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांनी नाद लावला आणि मध्य भारतातल्या रानझाडांवरचं प्रदीप कृषेन यांचं पुस्तक हाती आल्यावर तो वाढला. घरात मराठी, दाराबाहेर छत्तीसगढी, त्यामुळे झाडांची दोन्हीकडची नावं मला तोंडपाठ: ऐन तो साजा, बिबळा तो बीजा, अर्जुन तो कउहा, पळस तो परसा, शिवण ती खम्हार. मित्रांना घेऊन बारनवापाराच्या जंगलात गेलो की ही जोडनावं मी भराभर सांगत असे आणि लोक ऐकत असत. हळूहळू शेजारीपाजारी, जुने विद्यार्थी डहाळ्या घेऊन घरी येऊ लागले. ‘गुरुजी, ये का रुख आय?’ मी नाव सांगायचो. ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर त्या काळात मी फारसं दिल्याचं आठवत नाही.

आधीच्या चुका लहान होत्या, पण त्यांचा या चुकीशी संबंध आहे. बूढा तालाबाजवळ एका झाडाखालची पानं वेचून मी ते करंज असल्याचं सांगितलं होतं. निघालं कुसुम, आपला कोशिंब. मी ज्याला पान समजत होतो ती पर्णिका होती, मोठ्या संयुक्त पानाचा एक भाग. शिवाय ती शेजारच्या करंजावरून वाऱ्यानं आलेली. पान कोणतं आणि पर्णिका कोणती हे ओळखायची खूण खरं तर सोपी आहे. देठ डहाळीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात डोळा असतो. डोळा दिसला तर ते पूर्ण पान. नाही दिसला, तर देठ धरून मागे जायचं. जिथे डोळा सापडेल तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. खाली गळून पडलेल्या पानावरून हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: जमिनीवर पडलेलं काहीही पुरावा म्हणून धरायचं नाही. नियम शहाणपणाचा वाटत होता. पुढे त्यानंच घात केला.

दुसरी चूक लाकडाची. बीजाच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी ते मधुमेही माणसानं प्यायचं, अशी आमच्याकडे जुनी चाल आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी बाजारातून पेला आणला आणि तो खरा आहे का, असं मला विचारलं. सकाळी पाणी तांबूस झालेलं पाहून मी खरा म्हणालो. पण पाण्यात रंग तर कितीतरी लाकडं सोडतात. बीजाची खूण त्याहून वेगळी आहे. ते पाणी काचेच्या पेल्यात ओतून उन्हात धरलं आणि मागे काळं कापड ठेवलं की पाण्यावर निळसर झाक चमकते. पुढे एका सुताराकडून बीजाचा खात्रीचा तुकडा मिळाला तेव्हा दोन्ही पाणी शेजारी ठेवून पाहिली. एकात निळी झाक होती, दुसरं नुसतं तांबूस. त्या गृहस्थांच्या घरी जाऊन सांगून आलो. त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या नव्हत्या हे ऐकून जिवात जीव आला.

एवढं होऊनही लाकडावरून झाड ओळखण्याचा माझा हुरूप कमी झाला नाही. त्याला कारण होतं रायपूरचं महंत घासीदास स्मारक संग्रहालय. राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून १८७५ मध्ये उभं राहिलेलं हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. तिथे किरारीचा काष्ठस्तंभ ठेवला आहे. जुन्या बिलासपूर जिल्ह्यातल्या किरारी गावचा हिराबंध तलाव १९२१ च्या उन्हाळ्यात आटला आणि गाळ उपसताना हा खांब निघाला. त्यावर सातवाहनांच्या काळातली, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ब्राह्मी अक्षरं कोरलेली होती. शतकानुशतकं पाण्याखाली टिकलेलं ते लाकूड उन्हात आलं, वाळलं, आक्रसलं. वरचे पापुद्रे सुटले आणि त्यांच्याबरोबर बरीचशी अक्षरंही गेली. गावच्या लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी ती आधीच पाहून जशीच्या तशी उतरवून घेतली होती, म्हणून आज त्या लेखातल्या अधिकाऱ्यांची पदनामं अभ्यासकांना वाचता येतात. हा खांब बीजासालचा, म्हणजे बीजाचा, असल्याचं सांगतात. पान नाही, फूल नाही, साल नाही, तरी झाडाचं नाव सांगता येतं, या गोष्टीचं मला फार अप्रूप होतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या के. ए. चौधरी आणि एस. एस. घोष यांनी हडप्पाच्या एका शवपेटीचं लाकूड तपासून त्यात देवदार असल्याचं दाखवलं, हेही मी वाचलं होतं. मात्र त्यांनी लाकडाचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते आणि जमवून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडले होते. मी ओंडक्याचा रंग बघत होतो. आणि किरारीच्या खांबापुढे इतक्यांदा उभं राहूनही हे मनावर ठसलं नाही की ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

वादळानंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. धुऱ्यावरचं झाड पडलंय, कोणतं आहे ते सांगाल का, म्हणाला आणि पानाचा फोटो पाठवला. हृदयाच्या आकाराचं रुंद पान, टोकाशी एकदम निमुळतं, लांब देठ. मी फोनवरच म्हणालो, ‘खम्हार दिसतोय.’ खरी चूक इथेच झाली. नंतर मी शेतावर गेलो तो झाड ओळखायला गेलो नाही. सांगून टाकलेल्या नावाला आधार शोधायला गेलो.

आधार मिळायला वेळ लागला नाही. पानं समोरासमोर होती. खम्हारची तशीच असतात. मागच्या बाजूनं मऊ लव होती, खम्हारला असते. कापलेल्या ओंडक्याचं लाकूड पिवळट होतं. खम्हारचंही फिकट पिवळट असतं. मी लगेच विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगितलं, ‘कका, खम्हारच आहे.’

पण बाकीचंही सगळं तिथेच होतं. खम्हारच्या पानाच्या तळाशी, मागल्या बाजूला, देठ जिथे पात्याला मिळतो तिथे बारीक चकचकीत ग्रंथी असतात. मी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणखी दोन-चार उलटली. ग्रंथी नव्हत्या. कोवळी पानं आहेत, अजून आल्या नसतील, असं मी मनाशी म्हटलं. खम्हारला मे-जूनमध्ये बोराएवढी पिवळी फळं येतात आणि मोठ्या झाडाखाली त्यांचा सडा पडतो, गुरं ती खातात. इथे एकही फळ नव्हतं. वादळानं उडवली असतील, म्हटलं. घरातल्या लहान मुलीच्या हातात एक वाळका, काळपट, गोल गोंडा होता. झाडाखालीच सापडला म्हणाली. तो मी हातात घेतला आणि परत दिला. जमिनीवरचं काही धरायचं नाही, हा माझा नियम होताच. तो गोंडा हळदूचं मागच्या मोसमातलं फळ होतं.

ओंडका उचलायला दोन माणसं लागत होती. खम्हार हलकं लाकूड; सुकल्यावर घनमीटरला पाचशे किलोच्या आतबाहेर भरतं. हळदू साडेसहाशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. ओलं आहे म्हणून जड लागतं, म्हटलं. बुडाशी खोडाला खोल पन्हळी पडलेल्या होत्या, तशा खम्हारच्या गुळगुळीत, फिकट खोडाला मी कधी पाहिल्या नव्हत्या. जुनं झाड आहे, म्हटलं. खम्हार इतका जुना होतो का, हा प्रश्न मनात यायला हवा होता, आला नाही.

फोनमधल्या ॲपलाही पान दाखवलं. त्यानं तीन नावं दिली. पहिलं खम्हारचं शास्त्रीय नाव, तिसरं हाल्डिना कॉर्डिफोलिया. हे नाव माझ्याकडच्या जुन्या वनस्पती-ग्रंथाच्या सूचीत शोधलं, सापडलं नाही, म्हणून इकडचं झाड नसणार असं धरून ते सोडून दिलं. ग्रंथात तेच झाड, म्हणजे हळदू, ॲडिना कॉर्डिफोलिया या नावानं होतं, सविस्तर वर्णनासकट. शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्याला वेगळ्या प्रजातीत घातलं आणि नाव बदललं. माझा ग्रंथ त्याच्या कितीतरी आधीचा. वर्णन उघडून वाचलं असतं तर उपपर्णांविषयीची एक ओळ डोळ्यांखालून गेली असती.

उपपर्णांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती एकटीच पुरेशी होती. हळदू हा कदंबाच्या कुळातला. या कुळात समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये, डहाळीच्या दोन्ही बाजूंना, एकेक छोटं पानासारखं उपपर्ण असतं. हळदूची उपपर्णं चांगली मोठी आणि गोलसर. डहाळीच्या टोकाला ती एकमेकांना चिकटून सपाट बसलेली असतात आणि त्यांच्या आत पुढची पानं मिटलेली असतात. ती लवकर गळतात, म्हणून जुन्या डहाळीवर दिसत नाहीत, टोकाला मात्र असतातच. खम्हारला असं काही नसतं. म्हणजे हृदयाकार पान, समोरासमोर पानं, लांब देठ, लव या सगळ्या बाबतींत दोन्ही झाडं सारखी असली तरी टोक पाहिलं की संशय राहत नाही. मी टोक पाहिलं होतं. वर्तमानपत्रात डहाळी दाबताना ते चपटं टोक कागदाबाहेर येत होतं, म्हणून नखानं खुडून टाकलं.

आणि कका. ते झाडाचं नाव सांगू शकत नव्हते; गावात त्याला नुसतं ‘बड़े रुख’ म्हणत. पण ते म्हणाले, ‘मोर बबा के जमाना ले अतकेच बड़े हवय, गुरुजी.’ आजोबांच्या काळापासून एवढंच मोठं आहे. सगळ्यांत मोलाचा पुरावा हाच होता. तीन पिढ्यांनी पाहिलेलं, हळू वाढणारं झाड. मी त्यांच्याकडे वयोवृद्ध माणसाच्या आठवणी म्हणून पाहिलं. त्या दिवशी मी त्यांचा मान राखला नाही, हे मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागतं.

पाऊस सुरू होण्याआधी खोड निघालं, धुरा सपाट झाला. त्याच जागी मी खम्हारची रोपं स्वतः नेऊन लावली.

दिवाळीनंतर विद्यार्थ्यानं लाकडाचा एक तुकडा आणून दिला, लाटणं करायला. भनपुरीकडच्या आरा-मशिनींच्या बाजूला एक म्हातारा खरादी आहे, त्याच्याकडे मी तो घेऊन गेलो. त्यानं तुकडा खरादावर चढवला, पटाशी टेकवली, निघालेली ढलपी बोटांत चुरली आणि यंत्र थांबवलं. ‘ये खम्हार नोहय गुरुजी. हल्दू आय. एखर कंघी बनथे.’ फण्या, सूत गुंडाळायच्या रिळांसाठीचे बॉबिन, मोजपट्ट्या, कोरीव डब्या यांसाठी हळदू पूर्वीपासून नावाजलेला, कारण त्याचा पोत बारीक आणि एकसारखा, दातेरी काम केलं तरी कड मोडत नाही. खरादीनं तेवढाच कापलेला भाग दाखवला. हस्तिदंतासारखा गुळगुळीत होता. मी खम्हार असल्याचं पुन्हा एकदा म्हटलं. त्यानं वाद घातला नाही. कोपऱ्यातून खम्हारचा एक तुकडा काढून माझ्या दुसऱ्या हातात दिला.

घरी येऊन नवं ब्लेड घेतलं आणि दोन्ही तुकड्यांचा आडवा छेद तासला. जूनमध्ये मी आरीनं कापलेला खडबडीत, तंतू उठलेला भाग पाहिला होता. त्यात काहीच दिसत नाही. धारदार ब्लेडनं एका दिशेनं पातळ काप काढला, जागा ओल्या बोटानं पुसली आणि दहापट भिंग डोळ्याला लावून लाकूड भिंगाजवळ आणलं, की रसवाहिन्यांची छिद्रं उघडी होतात. खम्हारची छिद्रं नुसत्या डोळ्यांनीही जाणवतात, भोवती फिकट कडी असते. माझ्या तुकड्यातली छिद्रं इतकी बारीक की भिंगातही डोळे ताणावे लागत. ती असंख्य आणि सगळीकडे सारखी पसरलेली होती. दोन लाकडं एका झाडाची असणं शक्यच नव्हतं. रंगही बदलला होता. जूनमधला पिवळा उजेडाला राहून तांबूस तपकिरीकडे झुकला होता, तेही हळदूच्याच सवयीप्रमाणे.

तरी मी एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे दाबलेली डहाळी घेऊन गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पानाविषयी नव्हता. ‘टोक कुठे आहे?’ मुख्य टोक मी खुडलं होतं. पण बगलेतून निघालेला एक लहान कोंब कागदाच्या घडीत तसाच राहिला होता. त्याच्या शेंड्याला दोन चपटी उपपर्णं एकमेकांना चिकटून वाळली होती. जूनपासून ती माझ्या कपाटातल्या फायलीत होती.

मी गणित शिकवणारा माणूस. एखाद्या प्रमेयाला इतके अपवाद निघाले असते तर मुलांना मी ते टाकून द्यायला सांगितलं असतं. इथे प्रत्येक न जुळणाऱ्या खुणेला मी वेगळं कारण शोधलं: पानं कोवळी, फळं उडाली, लाकूड ओलं, झाड जुनं, म्हाताऱ्याची आठवण कच्ची, ॲपची चूक. सगळ्यांना मिळून एकच साधं कारण पुरत होतं. झाड खम्हारचं नव्हतं.

मग शेतावर गेलो आणि ककांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मैं तो कहे रहेंव.’ रागानं नव्हे. विद्यार्थ्यानं विषय बदलला, चहा मागवला. मी लावलेल्या खम्हारच्या रोपांनी तोवर जीव धरला होता.

त्यानंतर मी नाव सांगण्याची पद्धत बदलली. आता फोटोवरून नाव सांगत नाही. कुणी डहाळी आणली तर आधी न जुळणाऱ्या खुणा वहीत लिहितो आणि त्या एकत्र वाचतो. जमिनीवर सापडलेली वस्तूही ठेवतो, फक्त ती जमिनीवर सापडली अशी नोंद करून. ती टाकायची की धरायची हे बाकीच्या खुणा सांगतात. लाकडाची मर्यादाही आता कळते. साजा आणि कउहा एकाच घरातली भावंडं, त्यांचं लाकूड वेगळं करणं जाणकारांनाही अवघड जातं. पण साजाची मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल आणि कउहाची फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी साल शाळकरी पोरही ओळखेल. फळ मिळालं तर आणखी सोपं, साजाच्या फळाचे पंख रुंद, कउहाचे अरुंद. उलट, पाडलेल्या झाडाचा नुसता ओंडका समोर असेल तर पानांचं ज्ञान कामाचं नाही. तिथे ब्लेड आणि भिंगच लागतं, आणि त्यानंही भागलं नाही तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेकडे किंवा बंगळुरूच्या काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेकडे तुकडा पाठवावा. डेहराडूनला १९०६ पासून जमवलेले अठरा हजारांहून अधिक लाकूड-नमुने आहेत. माझ्या हट्टापेक्षा तिथले नमुने विश्वासाचे.

वादळात तुमच्याकडे एखादं अनोळखी झाड पडलं, तर कापणी सुरू होण्याआधी एवढं करा. टोकासकट एक डहाळी, तिच्यावर दोन-तीन जोड्या पानं, वर्तमानपत्रात दाबून ठेवा. टोक खुडू नका. फूल, फळ, वाळकं बोंड जे असेल ते त्याच कागदात ठेवा. साल लागलेला तळहाताएवढा लाकडाचा तुकडा घ्या, त्यात बाहेरचं पांढरं लाकूड आणि आतला गाभा दोन्ही यायला हवेत. कागदावर गाव, तारीख आणि झाडाविषयी घरातले म्हातारे काय सांगतात ते लिहा. आणि नाव नक्की होईपर्यंत खोड जमिनीतून काढू नका. जिवंत खोड एक पावसाळा थांबलं तर शेताचं काही बिघडत नाही.

त्या धुऱ्यावर मला पुन्हा हळदू लावायचा आहे. ककांची परवानगी घेतली आहे. रोप मात्र सहज मिळत नाही. हळदूचं बी अतिशय बारीक, रोप सुरुवातीला नाजूक, पहिल्या जोरदार सरीत वाहून जातं किंवा कुजतं. म्हणून रोपवाटिकांना खम्हार सोयीचा वाटतो. पावसाळ्यात पिवळ्या गोल गोंड्यांनी फुलणारं आणि उन्हाळ्यात डहाळ्यांवर काळपट वाळके गोंडे धरून ठेवणारं असं झाड रायपूर, महासमुंद, धमतरी किंवा गरियाबंदकडे तुमच्या धुऱ्यावर, गावच्या देवस्थानाजवळ, आजोळच्या वाडीत उभं असेल तर त्याला हात लावू देऊ नका. आणि येत्या उन्हाळ्यात गोंडे फुटायच्या आधी त्यांतले थोडे कागदी पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा. मासिकाच्या पत्त्यावर कळवलंत तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.